अकरा गाड्यांवरचा शेवटचा हात

"शेवटचा हात उस्तादांचा," मालक म्हणाले आणि रिकामा कप बशीत ठेवला. मालकांनी कप बशीत ठेवला की विषय संपला, हे वर्कशॉपमधल्या जॅकपासून झाडूपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

ताईंचा कप अजून अर्धा भरलेला होता. "नाही," त्या म्हणाल्या.

मालकांना वाटलं, त्या बिस्किटाला नाही म्हणाल्या. त्यांनी बिस्किटांची बशी मागे ओढली. मग डोक्यात प्रकाश पडला तसे ते हसले. "अहो ताई, रीतच आहे ना ती आपली. पन्नास वर्षांची. तुम्हाला मी काय सांगू?"

"रीत मला पाठ आहे. म्हणूनच नाही म्हणते."

दोघांच्या मधे टेबलावर अकरा गाड्या उभ्या होत्या. तळहातावर मावतील एवढ्या, प्लास्टिकच्या, पण दारं उघडणाऱ्या, डिक्की उघडणाऱ्या, आत सीटवर शिलाईच्या रेघा ओढलेल्या. वर्कशॉपला पन्नास वर्षं होत होती. इथे रंग चढलेल्या हजारो गाड्यांतल्या अकरा निवडायच्या आणि त्यांच्या छोट्या प्रतिकृती दारातल्या काचेच्या कपाटात मांडायच्या, ही मालकांची कल्पना. कल्पना करायला मालक आणि निस्तरायला ताई. निवृत्त झाल्यापासून त्या घराच्या मागच्या गॅलरीत असल्या गाड्या रंगवत बसायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आठ महिने खपून त्यांनी अँब्युलन्स केली, दुधाची व्हॅन केली, शाळेची बस केली, मालकांच्या वडिलांची चंदेरी गाडी केली, डॉक्टरीणबाईंची लाल गाडी केली. अकराच्या अकरा रंगवून झाल्या. राहिलं होतं फक्त क्लिअर, म्हणजे रंगावर बसणारा तो पारदर्शक थर, जो रंगाला जपतो आणि झळाळी देतो.

रंगाऱ्यांच्या भाषेत एक थर म्हणजे एक हात, आणि क्लिअर हा शेवटचा हात. या वर्कशॉपमध्ये तो फक्त उस्तादांनी मारायचा. क्लिअर फवारायची गन वेगळ्या खिळ्याला, फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळून टांगलेली असायची. घासलं कुणी, खळगे बुजवायची लांबी कुणी भरली, रंग कुणी मारला, याला किंमत नाही. उस्ताद शेवटी यायचे, दार लावून घ्यायचे, दोन हात क्लिअर मारायचे आणि डिक्कीच्या झाकणाच्या आत, कोपऱ्यात, बारीक ब्रशने आपलं अक्षर काढायचे. शेपूट वळवलेलं एकच अक्षर. मग ती गाडी जन्मभर 'उस्तादांची गाडी'. याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा, पण तिथे कुणी तसं म्हणत नसे. तिथे त्याला कसब म्हणत.

ताईंनी तिथे एकतीस वर्षं काढली. पाच वर्षं काचांना कागद आणि टेप लावण्यात गेली. सहा वर्षं घासण्यात, इतकी की बोटांचे ठसे पुसट झाले. बाराव्या वर्षी रंगाची गन हातात आली आणि पहिली गाडी मिळाली ती डॉक्टरीणबाईंची, लाल. लाल रंग फार खोडीचा, जरा हात थांबला की ओघळतो. ताईंनी तो असा बसवला की डॉक्टरीणबाई गाडीभोवती दोनदा फिरल्या. मग म्हणाल्या, "उस्ताद, कमाल केलीत हं." उस्ताद म्हणाले, "आपली कृपा." ताई चार पावलांवर उभ्या होत्या, कोपरापर्यंत लाल.

क्लिअरची गन त्यांनी तीनदा मागितली. पहिल्यांदा उस्ताद म्हणाले, "बाईमाणसाचा हात हलतो." दुसऱ्यांदा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." तिसऱ्यांदा नुसतेच हसले, आणि ते हसणं ताईंना पहिल्या दोन उत्तरांपेक्षा जास्त लागलं. निवृत्तीच्या दिवशी हजेरीचा पितळी बिल्ला जमा करायचा नियम होता. ताईंचा नंबर दोनशे सतरा. त्यांनी तो जमा केला नाही. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं तर म्हणाल्या, "हरवला." बिल्ला तेव्हा त्यांच्या मुठीत होता.

*

आता खरं सांगायचं तर ताईंनी स्वतःचा पहिला शेवटचा हात मारला तो घरी, गॅलरीत, आणि पार माती केली.

पहिलीच छोटी गाडी होती, पांढरी. रंग हौशी लोकांचा, छोट्या डबीतला ऑइलपेंट. त्यावर त्यांनी वर्कशॉपमधून बाटलीभर आणलेलं क्लिअर मारलं, कडक करणारं हार्डनर घालून, खऱ्या गाड्यांवर मारतात ते. एकतीस वर्षं जे हाताला लागू दिलं नव्हतं तेच. एवढ्या दणकट गाडीला जे चालतं ते या चिमुरडीला का नाही चालणार? ही चूक गाड्यांचा रंगारीच करू शकतो. दहा मिनिटांत रंग गोळा झाला, सुरकुतला, आणि खालचं प्लास्टिक मऊ पडून छप्पर मधोमध बसलं.

ताई उलट्या बादलीवर बसून त्या गाडीकडे बघत राहिल्या. त्यांना रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. उस्ताद खरं बोलत होते की काय, असंही एकदा मनात येऊन गेलं. त्या विचाराला त्यांनी लगेच हाकलून दिलं.

त्यांचे यजमान शिंपी. बोलायचे कमी, पण बोलले की टाका बरोबर बसायचा. मशीन थांबवून ते गॅलरीत आले, गाडी उचलून उजेडात धरली. "अस्तर आणि कापड जुळलं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अगं, वरचं कापड एका जातीचं, आतलं अस्तर दुसऱ्या जातीचं. पहिल्या धुण्यात एक आटतं, दुसरं आटत नाही. कोट चुरगळून येतो. कापड वाईट नसतं, अस्तरही वाईट नसतं. जोडी वाईट असते."

"मग तुम्ही काय करता?"

"तुकडा भिजवून बघतो आधी. अख्खा कोट कोण भिजवेल?"

ताई उठल्या, स्वयंपाकघरातून प्लास्टिकचे चमचे घेऊन आल्या आणि त्या दिवसापासून त्या घरात चमच्यांचं राज्य सुरू झालं. प्रत्येक गाडीबरोबर दोन चमचे रंगवायचे. त्याच दिवशी, त्याच वाटीतल्या रंगाने, खाली तेच प्रायमर मारून. पाठीवर तारीख आणि रंग लिहायचा आणि चमचे गाडीच्या शेजारीच वाळवायचे. म्हणजे गाडीच्या रंगाचं वय जेवढं, तेवढंच चमच्याच्या रंगाचं. मग आधी चमच्यावर क्लिअर. चमचा रुसला तर गाडीला हात लावायचा नाही. भिंतीवरच्या फळीला असे दीडशे चमचे लटकायला लागले. यजमान पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडे चमचा मागू नका. मिळेल, पण निळा."

त्या दीडशे चमच्यांनी ताईंना शिकवलं ते कुठल्या उस्तादाने शिकवलं नव्हतं. जहाल थिनरचं क्लिअर ऑइलपेंटला उठवतं, रंग सहा महिन्यांचा असला तरी. पाण्यावर बनवलेलं क्लिअर त्याच रंगावर निमूट बसतं. फक्त रंग नीट वाळलेला हवा, साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढलेला हवा आणि हात पातळ हवेत, एकावर एक तीन. आणि डबीतल्या चंदेरी रंगाला कुठलंच क्लिअर सोसत नाही. त्याची चमक मरते, तो राखाडी होतो. एवढं सगळं ताई मालकांना त्या दिवशी चहाच्या वेळी सांगू शकल्या असत्या. सांगायला सुरुवातही केली होती.

"बरं बरं, बघू आपण," मालक म्हणाले. "तोवर ही लाल गाडी ठेवून जा. आमंत्रणपत्रिकेसाठी फोटो काढायचाय."

फोटोलाच तर हवी होती. ताईंनी ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गाडी न्यायला आल्या. रंगखोलीच्या दारात चार जण उभे होते आणि ताईंना बघताच त्यांनी वाट दिली. अशी वाट लोक वाईट बातमीलाच देतात.

लाल गाडी वर्तमानपत्रावर होती. बॉनेटवरचा रंग दुधावरची साय सरकावी तसा एका बाजूला गोळा झाला होता. दारांच्या फटी बुजल्या होत्या. छप्पर बसलं होतं. डिक्की तेवढी उघडी होती, आणि झाकणाच्या आत, कोपऱ्यात, काळ्या रंगाने काढलेलं शेपूट वळवलेलं अक्षर अजून सुबक दिसत होतं. उस्तादांनी क्लिअर मारलं होतं, सवयीने लगेच सही केली होती आणि चहाला गेले होते. गाडी सुरकुतली ती चहा चालू असताना.

ताईंनी गाडी उचलली नाही. हात मागे बांधून बघत राहिल्या. बारावं वर्ष, कोपरापर्यंतचा लाल रंग, डॉक्टरीणबाईंच्या दोन फेऱ्या, सगळं त्या वर्तमानपत्रावर पडलं होतं.

उस्ताद खुर्चीत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, पण शर्टाला अजून कडक इस्त्री. "रंग कच्चा होता, बाई," ते म्हणाले. "खालचा रंग कच्चा असला की वरचा काय करणार?"

नाचता येईना, अंगण वाकडं. ताई हे मोठ्याने म्हणाल्या नाहीत. पण मालक मधे पडले आणि म्हणाले, "असू दे ताई, दहा आहेत की अजून. त्यांना जरा उन्हात वाळवा, मग उस्ताद परत बघतील," तेव्हा मात्र ताईंचा तोल गेला. या माणसाला त्यांनी हाफपँटमध्ये पाहिलं होतं, याच्या नाकाला टेपचे तुकडे लावून त्याला हसवलं होतं. तो खुर्चीवर बसल्यापासून त्या त्याला 'अहो मालक' म्हणत आल्या होत्या.

"अरे," त्या म्हणाल्या, "फोटो म्हणून नेलीस ना रे? माझ्यासमोर मारायची हिंमत नव्हती तुझी?"

मालकांच्या हातात कप नव्हता, त्यामुळे काय ठेवावं ते त्यांना कळेना.

"उद्या सकाळी अकरा वाजता," ताई म्हणाल्या, "सगळ्यांना अंगणात बोलव. उस्तादांनाही. आणि त्यांचं क्लिअर ताजं कालवून ठेव."

*

सकाळी अंगणात नऊ पुरुष एका चमच्याभोवती उभे राहिले. देखावा हसण्यासारखा होता, पण कुणी हसलं नाही, कारण ताईंचा चेहरा तसा नव्हता.

"हा लाल गाडीचा चमचा," त्यांनी चमच्याची पाठ वळवून तारीख दाखवली. "तोच रंग, तीच वाटी, तोच दिवस. पाच महिने वाळलाय. नख मारून बघा."

एका रंगाऱ्याने नख मारलं. ओरखडा उठला नाही. "पक्का आहे," तो म्हणाला आणि उस्तादांकडे न बघता मागे सरकला.

"आता उस्ताद, तुमच्या हाताने मारा. तुमचंच क्लिअर. मी हात लावत नाही, नाहीतर म्हणाल बाईमाणसाचा हात हलला."

"चमच्याला कधी रंग देतात का?" उस्ताद गुरगुरले. पण सगळे बघत होते. त्यांनी गन घेतली. आणि हे कबूल केलं पाहिजे की हात त्यांचा अजून सुंदर होता. मनगट न वाकवता, एका सरळ रेषेत, चमच्याच्या टोकापलीकडे जाऊन मग चापावरचं बोट सोडलं. चमचा आरशासारखा चमकला. उस्तादांनी मान वर केली.

"थांबा," ताई म्हणाल्या.

थांबले सगळे. तीन मिनिटं झाली, चार झाली. सहाव्या मिनिटाला चमच्याच्या खोलगट भागात एक रेघ उठली. मग तिच्या शेजारी दुसरी. मग सगळा लाल रंग हळूहळू गोळा होऊन एका कडेला बसला.

ताईंनी पर्समधून दुसरा चमचा काढला, जोडीतला. आणि एक छोटी बाटली.

"हे काय, दूध?" कुणीतरी विचारलं.

"पाण्यावरचं क्लिअर. ओलं असताना असंच दिसतं." त्यांनी आपल्या पेनाएवढ्या गनने एक पातळ हात मारला, वाळू दिला, दुसरा मारला, वाळू दिला, तिसरा मारला. पांढुरकेपणा विरला आणि खालचा लाल रंग जागा झाला. चमचा हातोहात फिरला. त्यात प्रत्येकाने आपलं नाक बघून घेतलं.

"उस्तादांचं क्लिअर वाईट नाही," ताई म्हणाल्या. "पत्र्यावर, त्याच्याच जातीच्या रंगावर, त्याला तोड नाही. पण क्लिअर निवडताना वर काय चमकतं ते बघायचं नसतं. खाली कोण आहे आणि त्याला काय सोसतं, ते विचारायचं असतं. इथे खालच्याला कधी कुणी विचारलंच नाही."

बोलणं रंगाबद्दल होतं. घासकाम करणारे दोघे मात्र एकमेकांकडे बघून मान हलवू लागले.

मालकांनी घसा साफ केला. "मग ताई, तुम्हीच मारा क्लिअर. दहाही गाड्यांवर."

"नऊ. तुमच्या वडिलांच्या चंदेरी गाडीला मी काही लावणार नाही. तिला कुठलंच चालत नाही. तिच्यावर शेवटचा हात कुणाचाच नाही."

"बरं, नऊ. फक्त एक आहे," मालकांचा आवाज खाली आला. "कपाटावरची पाटी आधीच कोरून आली आहे. 'शेवटचा हात: उस्ताद' अशी. मोठमोठे लोक येणार, आता कुठे बदलत बसू? तुमचं नाव आभारात घेतो की मी. माईकवरून."

तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच. उस्ताद बुटांकडे बघत होते. ताईंनी मालकांकडे इतका वेळ पाहिलं की त्यांनी दोनदा पाय बदलला.

"लावा पाटी," त्या शेवटी म्हणाल्या. "पण गाड्या मी मांडणार. कुठली कुठे, ते मी ठरवणार. कपाटाची किल्ली कार्यक्रम संपेपर्यंत माझ्याकडे."

"एवढंच ना?" मालकांना सुटल्यासारखं झालं. "घ्या किल्ली."

*

वर्कशॉपच्या पन्नासाव्या वाढदिवशी कपाटावरचा पडदा मालकांनी स्वतः ओढला आणि त्यांचा हात दोरीवरच राहिला.

दहा गाड्या दोन्ही बाजूंना रांगेत होत्या, झळाळत. चंदेरी गाडी क्लिअरशिवायही उठून दिसत होती. आणि मधोमध, सगळ्यांत उंच फळीवर, पाटीच्या बरोबर खाली, ती लाल गाडी होती. सुरकुतलेली, छप्पर बसलेली. डिक्की सताड उघडी आणि आतल्या अक्षरासमोर एक गोल भिंग लावलेलं. 'शेवटचा हात: उस्ताद.' पाटी एवढी खरी कधीच नव्हती.

अकराही गाड्यांना नंबरप्लेट होत्या, पुढे आणि मागे. प्रत्येकीवर एकच नंबर, दोनशे सतरा.

मालक ताईंच्या कानाशी आले. "ताई, ती काढा. पाया पडतो."

"सहीची गाडी आहे. सही झालेली गाडी मी परत नेत नाही. इथली रीत आहे."

"किल्ली द्या."

"हरवली," ताई म्हणाल्या. मूठ त्यांनी उघडली नाही.

पाहुणे नेमके तिथेच जमले. चमकणाऱ्या दहा गाड्या सोडून प्रत्येक जण त्या एकीपुढे वाकायचा आणि विचारायचा, हिला काय झालं? मालक म्हणत होते, जुना नमुना आहे, प्रयोग आहे, हवामान. शिंपीबुवा कोपऱ्यात सरबत पीत उभे होते. त्यांनी बायकोकडे बघून भुवई उडवली. इतक्या वर्षांत एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसला नव्हता.

उस्ताद उशिरा आले, काठी टेकत. गर्दी बाजूला झाली. ते कपाटापुढे वाकले आणि भिंगातून त्यांनी आपलं अक्षर पाहिलं. मग नंबरप्लेट पाहिली. हजेरीच्या फळ्यावर तो बिल्ला एकतीस वर्षं त्यांच्या बिल्ल्याखाली टांगलेला असायचा. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मालक घाईने म्हणाले, "उस्ताद, चला, हार घालायचाय तुम्हाला."

"थांब," उस्ताद म्हणाले. ते सरळ झाले, पाहुण्यांकडे वळले आणि काचेवर बोट ठेवलं. बोट हलत होतं. "ही नासवली ती मी. ही माझी. बाकीच्या दहा हिच्या."

ताईंचे डोळे भरले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. एकतीस वर्षं ज्या वाक्यासाठी त्या चार पावलांवर उभ्या राहिल्या होत्या, ते चार गावच्या लोकांसमोर उच्चारलं गेलं होतं. आता मान झुकवून 'आपली कृपा' म्हणायचं, की झालं. सगळे त्याचीच वाट बघत होते.

ताई पुढे आल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

"नाही उस्ताद," त्या म्हणाल्या. "अकराच्या अकरा माझ्या. त्या एकीवर शेवटचा हात तुमचा, एवढंच."